शनिवारचं डोकं

लहानपणापासून घरीदारी सगळ्यांनी मला एकच प्रमाणपत्र दिलं: पोरगी हुशार आहे, पण डोकं गरम. ते गरम होतं, मान्य. दुखत मात्र कधी नव्हतं. दुखायला लागलं ते तिशी ओलांडल्यावर, आणि तेही कसं, तर वेळापत्रक लावून. सोमवार ते शुक्रवार बंद, शनिवार-रविवार चालू. त्या दुखण्यापायी मी माझ्या घरातलं एक माणूस घालवलं. जीव घेतला नाही कुणाचा, पण घालवलं हाच शब्द बरोबर आहे. हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगायला घेतलं की ऐकणारा अर्ध्यातच म्हणतो, 'अगं, कॉफीचं काय एवढं!'

मी सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे काय, हे बाबांना मी सांगितलं होतं: दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. बाबा म्हणाले, "ते तर तू फुकटातही करत होती." असे होते बाबा. बोलायचे कमी, पण बोलले की आपण गप्प.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली, बाबांच्या पिढीनं नोकरी धरली आणि माझ्या पिढीनं पुणं गाठलं. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. मी एकुलती एक. आई गेली आणि बाबा दोन खोल्यांच्या त्या घरात एकटेच राहिले. तेव्हा मी एका लहान कंपनीत होते, भाड्याच्या खोलीत तीन मुलींबरोबर राहत होते. सहा दिवसांचा आठवडा, दिवसातून दोनदा ट्रेमधून येणारा अर्धा अर्धा कप चहा. मग नशीब फळफळलं. हडपसरच्या आयटी पार्कात मोठ्या कंपनीत नोकरी लागली, जवळच मांजरी गावात उसाच्या शेतांमधून नव्या इमारती उठत होत्या त्यातल्या एकीत फ्लॅट घेतला, आणि बाबांना घेऊन आले.

बाबा यायला तयार नव्हते. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना अवघड वाटत होतं. "लग्न झालं उद्या तर?" म्हणाले. मी म्हटलं, "तर जावयाला सांगू, हे आधीपासून इथे राहतात, तुम्ही नंतर आलात." तेव्हा हसले आणि ट्रंक बांधायला घेतली. ते हसले म्हणून मी जिंकल्यासारखी नाचले होते.

आता नव्या कंपनीतली कॉफी. प्रत्येक मजल्यावर एक मशीन. बटण दाबलं की घर्र आवाज, कागदी कप, फेस आलेली कॉफी. फुकट. आमच्यासारख्यांना फुकट म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. सकाळी बसमधून उतरलं की एक, दहा वाजताच्या मीटिंगला जाताना एक, मीटिंग निरर्थक झाली म्हणून एक. कुणाशी भांडण झालं तर मशीनपाशी, समेट झाला तरी मशीनपाशी. दिवसाला सात-आठ कप सहज व्हायचे आणि ते कुणाच्या खिजगणतीतही नसायचे. दोन महिन्यांत अशी गत झाली की पहिल्या कपानं तरतरी येणं बंद झालं. पहिला कप घेतला की मी फक्त माणसांत यायचे.

रुजू होऊन तीन-चार महिने झाले तेव्हा कंपनीनं आरोग्यावर एक भाषण ठेवलं. हजेरी सक्तीची. पांढरे बूट घातलेली एक बाई आली आणि तिनं पडद्यावर फळं दाखवली. म्हणाली, पाच दिवस तुम्ही शरीरावर अत्याचार करता, निदान शनिवार-रविवार त्याला सुट्टी द्या, दोन दिवस चहा-कॉफीचा थेंब नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बाहेर येऊन मशीनपुढे रांग लावली. मी मात्र तिचं ऐकलं. मी हट्टी आहे, एकदा ठरवलं की ठरवलं. शनिवार-रविवार चहासुद्धा बंद. मला वाटायचं, बाकीचे सगळे ढिले, मी एकटीच शिस्तीची. स्वतःवर खूश होते मी.

बाबा आले ते त्याच महिन्यात. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी होती. आमच्या धंद्यात नव्या माणसाला आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो, की दोन बदल एकदम करू नका. काही बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळत नाही. मी स्वतः हे किती जणांना ओरडून सांगितलं असेल!

बाबांचा आठवडा म्हणजे नुसती वाट बघणं. सकाळी मी साडेसातच्या बसनं जायची ती संध्याकाळी आठला यायची. इमारतीत सगळी तरुण जोडपी, दिवसा सगळ्यांच्या दारांना कुलपं. बाबा खाली जाऊन वॉचमनशी बोलायचे, उसाच्या कडेनं फिरून यायचे आणि पेपर वाचायचे. त्यांना पेपर मोठ्यानं वाचायची सवय. आईला वाचता यायचं नाही, म्हणून लग्न झाल्यापासून ते तिला रोज वाचून दाखवत आले होते. आता आई नाही. तर आठवडाभरातल्या चांगल्या बातम्या ते कापून ठेवायचे, शनिवारी मला वाचून दाखवायला. शनिवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कात्रणं घेऊन तयार बसायचे. कुठे जायचं तेही त्यांनी ठरवलेलं असायचं. एकदा पर्वती, एकदा संग्रहालय, एकदा नुसतंच मंडईत जाऊन भाजीचे भाव विचारून यायचं.

आणि शनिवारी दुपारी बारा-एकच्या सुमारास माझं डोकं उठायचं.

आधी डोळ्यांच्या मागे जड व्हायचं. मग कपाळ, मग मानेपर्यंत. ठणका असा की पायरी उतरली तरी आत आपटायचं. त्याच्या जोडीला झोप, पण झोपलं तर झोप लागायची नाही. आणि चिडचिड. अहाहा, ती चिडचिड! चमचा पडला, भडकले. शेजारच्यांचं दार वाजलं, भडकले. बाबांनी घसा खाकरला की मला वाटायचं उशी फेकून मारावी. रविवारी ते अजून वाढायचं. सोमवारी सकाळी ऑफिसात पोचले, मशीनपाशी उभी राहिले, की अर्ध्या-पाऊण तासात सगळं साफ. डोळे उघडायचे, माणसं आवडायला लागायची.

बाबा बिचारे दर शनिवारी नवा उपाय काढायचे. सुंठ उगाळून लावली. तेल कोमट करून दिलं. आणि दर वेळी विचारायचे, "चहा मांडू काय? घोटभर घे, बरं वाटेल." मी म्हणायची, "बाबा, कितीदा सांगितलं, शनिवारी नाही घेत मी." एकदा त्यांनी न विचारता करून आणला, आलं घालून. मी तो मोरीत ओतला. त्यांच्यासमोर ओतला. त्यांनी कप विसळून ठेवला.

हळूहळू फिरायला जाणं बंद झालं. बाबा शर्ट घालून बसायचे, बारा वाजायचे, माझा चेहरा बघायचे आणि शर्ट काढून हँगरला लावायचे. मग घरात चोरासारखे वावरायचे. रेडिओ बंद, पेपर मनात. पायातल्या चपला आवाज करतात म्हणून अनवाणी. मला ते दिसत होतं आणि त्याचाच मला आणखी राग यायचा. वाटायचं, हे असे बिचाऱ्यासारखे का वागतात, मी काय राक्षसीण आहे का?

मग माझ्यातली टेस्टर जागी झाली. बग कुठे येतो? घरी. ऑफिसात येतो का? नाही. कोणत्या दिवशी? ज्या दिवशी मी दिवसभर घरी असते त्या दिवशी. आधी येत होता का? नाही. मग मधे बदललं काय? घर नवीन, पण घराचा रंग माणसाचं डोकं दुखवत नाही. राहिलं काय, तर बाबा. मी हे ऑफिसात माझ्या मैत्रिणीला सांगितलंसुद्धा, कॉफीचा कप हातात धरून. ती म्हणाली, "होतं गं असं, वडीलधारी माणसं घरात असली की टेन्शन येतंच." झालं. दोघींनी मिळून निकाल लावला आणि अजून एकेक कप घेतला.

तो शनिवार मला मिनिटामिनिटानं आठवतो. दुपारचे दोन वाजले होते. मी पडदे ओढून पडले होते. बाबांना वाटलं मला झोप लागली. त्यांनी बाहेरच्या खोलीत कात्रण काढलं आणि अगदी हळू आवाजात वाचायला घेतलं. मला नाही, स्वतःलाच. का आईला, कोण जाणे. कुठल्या तरी धरणात किती पाणी उरलं याची बातमी होती. मी उठून दारात गेले आणि बोलले. "बाबा, तुम्ही आल्यापासून माझं डोकं दुखतंय. तुम्ही यायच्या आधी एक दिवस दुखलं नाही. तुमच्यामुळे दुखतं माझं डोकं, कळलं का? तुमच्यामुळे!"

ओरडले नाही. ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं, रागाच्या भरात बोलले म्हणून खपलं असतं. मी शांतपणे बोलले, ऑफिसात रिपोर्ट देतात तसं. बाबांनी चष्मा काढला, कात्रणाची घडी केली. म्हणाले, "बरं. मला माहीत नव्हतं."

चार दिवसांनी म्हणाले, "घराकडे जरा पाहून येतो. छपराचे कवेलू सरकले असतील, पावसाच्या आधी फेरायला पाहिजे." मी म्हटलं, "कशाला आत्ता?" पण ते म्हणताना मला आतून हायसं वाटलं होतं. आज लिहायलाही लाज वाटते, पण खरं ते खरं. शुक्रवारी मी अर्धा दिवस रजा टाकून त्यांना स्टेशनवर सोडलं. ट्रंक तीच. गाडी सुटताना ते खिडकीतून म्हणाले, "उद्या आराम कर."

दुसऱ्या दिवशी शनिवार. घर माझं एकटीचं. मी उशिरा उठले, पसारा तसाच ठेवला, कुणाचाही आवाज नाही. साडेबाराला डोळ्यांमागे जड झालं. एक वाजता कपाळ. दोन वाजता मी त्याच पलंगावर, त्याच पडद्यांच्या अंधारात डोकं धरून पडले होते, आणि बाहेरच्या खोलीत कुणीही नव्हतं.

एखादी शहाणी मुलगी तिथेच उठून फोनपाशी गेली असती. मी काय केलं? मी बाबांवरच चिडले. वाटलं, गेले ते गेले आणि हे मागे ठेवून गेले! मग स्वतःची समजूत घातली, की इतक्या महिन्यांचा ताण आहे, एका दिवसात कसा जाईल.

रविवारी बाबांचा फोन आला, चौकातल्या बूथवरून. कसे पोचले, कवेलू किती फुटले, हे सांगून झालं. मग विचारलं, "काल दुखलं काय डोकं?"

आणि मी म्हणाले, "नाही बाबा. अजिबात नाही."

तेव्हाही दुखत होतं. रिसीव्हर कानाला लावला तर कानाखाली ठणकत होतं. मग मी खोटं का बोलले? एक तर त्यांना काळजी नको म्हणून. ही झाली सांगायची बाजू. न सांगायची बाजू अशी, की दुखलं म्हटलं असतं तर मी जे बोलले ते चूक ठरलं असतं. आणि चूक म्हणायला माझी जीभ कधी रेटत नाही. बाबा पलीकडून म्हणाले, "चांगलं झालं." आवाज अगदी हलका झाला होता त्यांचा.

त्यानंतर दर रविवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मी म्हणायची, "या ना आता परत." ते म्हणायचे, "पाहू." दिवाळीला मी म्हटलं येते, तर म्हणाले, "काहून दगदग करते, राहू दे." मला वाटलं, रमले असतील त्यांच्या माणसांत, विहारात. दीड वर्ष असंच गेलं. दर आठवड्याला मी त्यांना पटवून देत होते की तुम्ही गेलात आणि मी बरी झाले. हे मी करते आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. नुसतं फोनवरचं बोलणं होतं माझ्या लेखी.

दुखणं वाढतच होतं. एका रविवारी उलट्या झाल्या. सोमवारी मशीनपाशी मैत्रिणीला सांगितलं तर ती घाबरली. म्हणाली, "अगं, मेंदूत काही असलं तर?" मग मीही घाबरले. हडपसरलाच एक मेंदूचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्कॅन करायला लावला. तो रिपोर्ट हाती येईपर्यंत मी मनात माझी शोकसभासुद्धा उरकून घेतली होती.

रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर पक्के पुणेरी. म्हणाले, "मेंदू आहे, जागेवर आहे. आता बोला, चहा-कॉफी किती?" मी सांगितलं, आठवडाभर सात-आठ कप, शनिवार-रविवार शून्य. हे शून्य मी जरा ताठ मानेनंच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो मॅडम, तुम्ही दोन दिवस कडक उपास करता, सोमवारी पारणं फेडता, आणि मला विचारता भूक का लागते?"

मला त्यांचा राग आला. एवढा स्कॅन, एवढी भीती, आणि हा माणूस कॉफीवर विनोद करतो! मी म्हटलं, "कॉफी घेते तेव्हा दुखत नाही, घेत नाही तेव्हा दुखतं. मग कॉफीचा दोष कसा?"

"बसा," ते म्हणाले, आणि कागदावर चौकोन काढायला लागले. "एसटीनं प्रवास केलाय ना? या मेंदूतल्या सीटा समजा. याला आम्ही रिसेप्टर म्हणतो. दिवसभर मेंदू काम करतो तसं ॲडेनोसिन नावाचं एक द्रव्य साचत जातं. ते येऊन या सीटांवर बसलं की तुम्हाला थकवा येतो, झोप येते. ती त्याची नोकरीच आहे. आता कॅफिन काय करतं? ते दिसायला ॲडेनोसिनसारखंच. ते खिडकीतून रुमाल टाकतं आणि जागा धरतं. बसत नाही नीट, पण दुसऱ्याला बसूही देत नाही. म्हणून झोप उडते."

"मग?"

"मग मेंदू काय गप्प बसेल? रोज रोज जागा अडलेल्या दिसल्या की तो जादा सीटा टाकतो. महिनोन्महिने तुम्ही कॉफी ओतली, त्यानं सीटा वाढवल्या. आता तुमचे सात कप तुम्हाला तरतरी आणण्यात जात नाहीत, नुसतं बाकीच्या माणसांइतकं जागं ठेवण्यात जातात. आणि शनिवारी तुम्ही रुमाल टाकणं एकदम बंद करता. सगळ्या सीटा मोकळ्या, जुन्याही आणि जादाच्याही. ॲडेनोसिन येऊन सगळीकडे बसतं. डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, ठणका लागतो. झोप येते, मन उदास होतं, माणूस घरच्यांवर खेकसतो."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मला मात्र कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी विचारलं, "घरात कुणी असल्या-नसल्यानं काही फरक?"

"ॲडेनोसिनला तुमच्या नातेवाइकांशी काय देणं-घेणं?" ते म्हणाले. "अर्धा कप चहा घेतला असता तरी शनिवारी तासाभरात उतरलं असतं. घरात कुणी म्हटलं नाही का तुम्हाला, घोटभर चहा घे म्हणून?"

 फी दिली आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. बस आली, गेली. दुसरी आली, गेली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकदम तोडू नका, दर चार दिवसांनी एक कप कमी करा आणि सातही दिवस सारखं ठेवा. सीटा वाढल्या तशा कमीही होतात, मेंदूला वेळ द्या. मी तसं केलं. मधे एक-दोन आठवडे डोकं भरल्यासारखं असायचं, कामात चुका झाल्या, एकीला उगाच रडवलं. मग एका शनिवारी मी खुर्ची ओढून घड्याळासमोर बसले. बारा वाजले. एक वाजला. दोन वाजले. काही नाही. घरात लख्ख ऊन होतं आणि डोक्यात काहीही दुखत नव्हतं. मी तिथे बसून ढसाढसा रडले.

उद्याच्या फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतंच. पुढच्या शुक्रवारी गाडी पकडली आणि शनिवारी सकाळी बाबांच्या दारात उभी राहिले.

दार उघडून बाबांनी आधी मान डावीकडे वळवली, मग माझ्याकडे बघितलं. "अरे, तू? आज शनिवार आहे ना?" म्हणाले. वाळले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. घरात सगळं जागच्या जागी होतं, एका माणसाचं असतं तसं: एक ताट, एक तांब्या, एक खुर्ची. त्या खुर्चीवर त्यांनी मला बसवलं आणि स्वतः पलंगावर बसले.

मला दम निघत नव्हता. मी पिशवीतून डॉक्टरांचा तो चौकोनांचा कागद काढला आणि सगळं सांगितलं. एसटी, सीटा, रुमाल, जादा सीटा. बाबा फाइल वाचावी तसं लक्ष देऊन ऐकत होते. एकदा म्हणाले, "हे पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी कागद हातात घेतला, उजवीकडे धरला, जवळ नेला.

"म्हणजे माझ्यानं नव्हतं दुखत?"

"नव्हतं बाबा."

"मी गेल्यावरही दुखत होतं?"

"दर शनिवारी."

"फोनवर तर तू नाही म्हणत होती."

"खोटं बोलत होते." एवढं बोलायला मला दीड वर्ष लागलं होतं.

बाबांनी कागदाची घडी केली. बराच वेळ करत राहिले, कडेला कड जुळेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी हात त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला नेला. पापणी हललीसुद्धा नाही.

"बाबा, हा डोळा?"

"गेला तो," ते म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात. आधी काळे ठिपके आले, मग पडदा ओढल्यावानी झालं. डॉक्टर म्हणाला, आतला पडदा सरकला, लगेच मोठ्या शहरात जाऊन ऑपरेशन करा, वाचू शकते."

"मग का नाही कळवलं? मी आले असते! पुण्याला नेलं असतं!"

"ते तर नेलंच असतं तू. पण ऑपरेशननंतर पंधरा-वीस दिवस तोंड खाली करून पडून राहावं लागते म्हणे. तुझ्या घरी. त्यात तीन शनिवार आले असते." हे त्यांनी मला टोचायला म्हटलं नव्हतं. हिशेब सांगावा तसं सांगितलं. "तू बरी झाली होती ना."

मी खुर्चीवरून खाली बसले, त्यांच्या पायांशी. त्यांचे पाय धरले. काय काय बोलले ते मला आठवत नाही. माझं चुकलं, हे बोलले, आयुष्यात पहिल्यांदा बोलले, पुन्हा पुन्हा बोलले. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून होते, जपून, अजूनही तिथे दुखेल की काय असा.

"रडू नको. एका डोळ्याची सवय होते," ते म्हणाले. "पहिले काही दिवस तोल जायचा. पेला धरायला गेलं तर हात बाजूला. आता नाही होत."

"चला माझ्याबरोबर. आजच चला. मला आता काही होत नाही बाबा, खरंच. ते कॉफीनं होत होतं."

"समजलं ना मला. दुखत कॉफीनं होतं." त्यांनी घडी केलेला कागद मला परत दिला. "बोलली तर तू."

 कुठल्या डॉक्टरकडे जाऊन मी तपासून घेणार होते ते? बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबांनाच माझी दया आली असावी.

"येत जाईन मी," ते म्हणाले. "नाही काहून म्हणू? सोमवारी येतो, शुक्रवारी परत निघतो."

"पण सोमवार ते शुक्रवार मी दिवसभर ऑफिसात असते बाबा."

"हो ना," बाबा म्हणाले. "म्हणूनच तर सांगून राहिलो."